कुलपाची अट

"कुलूप लावायचं नाय, एवढीच माझी अट," गोदू म्हणाली. "कुठं गेलीस तरी दार नुसतं लोटून घ्यायचं."

ओट्यावर उभ्या असलेल्या मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. ती काहीतरी बोलणार, तोवर गोदू गुडघ्यावर हात टेकत आत निघालीसुद्धा. मागची खोली, मोरी, गॅस, खिडकीतून दिसणारी विहीर, सगळं तिने एका दमात दाखवून टाकलं. घरमालकीण व्हायची ही पहिलीच वेळ. भाडं किती, ते सांगायलाच ती विसरली.

"मावशी, मी खरं तर..." मुलगी म्हणाली.

"आवडली नाय काय खोली?"

मुलीने खोलीकडे पाहिलं, मग गोदूकडे. "आवडली," ती हळूच म्हणाली.

तिचं नाव रविना. शहापूरच्या पुढच्या एका गावची, बाविशीच्या आसपासची. नोकरी कुठे, असं विचारल्यावर "बघतेय" म्हणाली आणि आठवड्याभरात मुरबाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. लोक आधी नोकरी धरतात आणि मग खोली बघतात, हे गोदूला कोण सांगणार?

तिला पैशाचा सोस नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कल्याणला बारा-पंधरा दिवस राहावं लागणार होतं आणि तेवढे दिवस घर बंद पडलं असतं. तेच तिला नको होतं. चोवीस वर्षांपूर्वी तिचा नवरा म्हशाच्या जत्रेत बैलजोडी विकायला गेला, तो आलाच नाही. घाटावरच्या व्यापाऱ्यांबरोबर गेला असं कोणीतरी म्हणालं, म्हणून दिरांनी पार नगरपर्यंत शोधलं. त्या दिवसापासून गोदूने दाराला कुलूप लावलेलं नाही. तो आला आणि दार बंद दिसलं तर आल्या पावली माघारी जाईल, ही एकच धास्ती. गाव आधी हसलं, मग हसूनही कंटाळलं.

नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. रेशनला, दवाखान्यात, कुठेही विचारलं की डोक्यावरचा पदर पुढे ओढायची आणि सोबत आलेल्या पुतण्याला म्हणायची, "तूच लिव रे, मी नाव घेत नाय." हा पुतण्या म्हणजे गावचा पोलीस पाटील हरेश. तो हसत हसत 'भरत' असं लिहून टाकायचा.

हरेशला ही भाडेकरू काही पटली नव्हती.

"काकी, पयल्यांदा भाडेकरू ठेवलास आन तिचा धड पत्ता ठाव नाय तुला. पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागते. आधार बघ, बापाचं नाव विचार. उद्या घर साफ करून पळाली म्हंजे?"

"हाय काय न्यायला?" गोदू म्हणाली. "पण विचारते."

ती विचारायला गेली तेव्हा रविना विहिरीवर पाणी काढत होती. पोहऱ्याचा दोर सकाळी तुटला होता, तो तिने पुन्हा बांधला होता. बैलाला खुंट्याला बांधतात तशी, पण उलट्या पिळाची गाठ होती. गोदूने सहज एक टोक खेचलं, तर गाठ झटकन सुटली.

"ही कोणी शिकवली गो?"

"बाबांनी."

"बैल हायेत तुमच्याकडं?"

"नाय. बाबांना सवय होती."

गोदूने दोर तिच्या हातात परत दिला. आधारचं विचारायचं राहूनच गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला निघायचं होतं, म्हणून घाबरली असेल, असं रविनाला वाटलं.

कल्याणच्या दवाखान्यात गोदू भिंतीकडे तोंड करून रडायची. गुडघा दुखतोय का, असं नर्सने विचारलं की "हो" म्हणायची. इतकं रडणारा पेशंट आपण पाहिला नाही, असं नर्स हरेशला म्हणाली.

तेराव्या दिवशी हरेशने तिला जीपमधून घरी आणलं. दार लोटलेलं होतं, कुलूप नव्हतं. रविनाने अट तंतोतंत पाळली होती. गोदूने नवऱ्यासाठी मांडून ठेवलेली ओट्यावरची रिकामी खाटसुद्धा झाडून ठेवली होती.

"ऑपरेशनला बांगड्या काढायला लावतात ना, म्हणून नव्या आणल्या," रविनाने कागदातला हिरवा चुडा पुढे केला.

"राहू दे आता," गोदू म्हणाली.

तिने आपली पिशवी उलटी केली. गोळ्या निघाल्या, एक्स-रे निघाला आणि मुरबाडच्या स्टँडवर घेतलेलं एक नवंकोरं कुलूप निघालं.

"आता कशी शहाणी झालीस!" हरेश खूश झाला. घरात परकं माणूस ठेवल्यावर कुलूप हवंच, असं तो पहिल्यापासून म्हणत होता. त्याने लगेच खिशातून भाडेकरूचा फॉर्म काढला. "चल, हे पन आजच उरकू."

रविनाचा चेहरा उतरला. "मावशी, आधी मला बोलू द्या. पहिल्या दिवशी तेच सांगायला आले होते, पण तुम्ही खोली दाखवायला लागलात आणि माझ्यानं..."

"बस खाली," गोदू म्हणाली. "त्याला लिवू दे."

हरेशने नाव लिहिलं, गाव लिहिलं. "वडिलांचं नाव?"

रविना गोदूकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"अगो, बोल की! काकी, तुला तरी ठाव हाय काय हिच्या बापाचं नाव?"

गोदूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"तूच लिव रे, मी नाव घेत नाय," ती म्हणाली. "आन त्याच्याम्होरं मयत लिव."