अठ्ठावीस श्वास

परिचारिका अभ्यासक्रमाच्या अर्जात पूर्वी शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची गुणपत्रिका मागितली होती. ओहायोतल्या एका वृद्धाश्रमात मदतनीस असलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या डोरीनने वीस वर्षांपूर्वी नापास झाल्याची नोंदही जोडली. "अगं, ते कॉलेज कधीच बंद पडलं. कोण उकरायला बसलंय?" हा मैत्रिणीचा सल्ला तिने मानला नाही. इथे तीनदाच अर्ज करता येई, आणि हा तिसरा होता.

मुलाखतीत समितीच्या प्रमुख डॉ. मॅकएल्रॉय यांनी अर्ज सावकाश वाचला आणि नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"प्रात्यक्षिकात नापास? ते कसं?"

"शेजारच्या मुलीचे मिनिटाचे श्वास मोजायचे होते. अठ्ठावीस भरले. बाई म्हणाल्या, धडधाकट मुलगी आहे, खोडून सोळा लिही. मी खोडलं नाही."

"मोजण्यात तुमची चूक झाली असेल."

"शक्य आहे. म्हणून तीनदा मोजले होते."

"आणि बाईंचा अनुभव म्हणजे काहीच नाही? हे पाहा, चूक झाली एवढं लिहून द्या, जागा तुमची. धडधाकट माणसाचे श्वास विसाच्या वर जात नाहीत. माझेच घ्या."

 

"तुमचे चोवीस आहेत, डॉक्टर, तुम्ही अर्ज वाचत होतात तेव्हा मी पूर्ण मिनिटभर मोजले. जागा द्या किंवा देऊ नका, छाती मात्र आजच तपासून घ्या."