बिनखानदानी भिंग

"भिंगाला खानदान नसतं, भिंगाला फक्त नजर असते!"

हिर्डोशीत चिमाजीच्या अंगणात उभं राहून फारूकनं हे जाहीर केलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो निघाला नाही. उलट कॅमेऱ्यानंच पडद्यावर इंग्रजीत कळवलं, की आपल्याला कुठलंही भिंग लावलेलं नाही.

भिंग तर समोर ढळढळीत होतं. मुठीएवढं, जड, काळं कुळकुळीत. पण ते कॅमेऱ्याच्या कंपनीचं नव्हतं, कुठल्या तरी परक्या कंपनीचं होतं, आणि कॅमेरा त्याला ओळख द्यायला तयार नव्हता. कंपनीच्या भिंगाला गेल्या पावसाळ्यात भोरमध्येच बुरशी धरली. नवं घ्यायचं तर तेवढ्या पैशात जुनी मोटारसायकल येते. हे तिच्या दोन टायरांच्या किमतीत आलं. फारूकनं त्याची परीक्षा करायला महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहिले होते. सगळ्या व्हिडिओंत ते पास झालं होतं.

"काय अडलं, फारूकभाई?" चिमाजीनं विचारलं.

"काही नाही. ओळखपाळख चाललीय त्यांची."

चिमाजीच्या सुलक्षणाचा आज साखरपुडा. पाहुणे यायला तास होता. चिमाजीनं सकाळीच सांगून टाकलं होतं, "पावणं यायच्या आत एक फोटो काढून दावा. पसंत पडला तर लगीन बी तुमचंच. न्हाई तर भोरात दुसरं फोटोवालं लई हायेत." मोसमातलं पहिलंच लग्न होतं. ते हातचं गेलं, तर पुढची दहा लग्नं बातमी ऐकूनच दुसरीकडे वळणार होती.

फारूकनं सेटिंगमध्ये जाऊन, भिंग नसलं तरी फोटो काढ बाबा, अशी कॅमेऱ्याला परवानगी दिली. मग भिंगाचं कडं हातानं फिरवत सुलक्षणाचे डोळे नेमके पकडले. तिच्या मागं, रिवाजाप्रमाणं, शेजारीच राहणारा सोनबा मामा नवा फेटा बांधून ताठ उभा होता. बटण दाबलं. या खेपेला फोटो निघाला.

सुलक्षणा धावत बघायला आली. "अगं बाई! पापणीचा केस न् केस दिसतोय. आणि मागचं बघा की, कसं मलईवानी झालंय!"

फारूकला धन्य वाटलं. ते वाटणं फार टिकलं नाही, कारण मामाही बघायला आला.

"मलई कुठंय?"

"ही काय, मागं."

मामानं पडद्याला नाक लावलं. "हितं तर म्या हुबा हुतो."

त्यानं पडद्यावरच्या करड्या डागावर बोट टेकवलं.

"ह्यो वरंध्याच्या घाटातला ढग... ह्यो म्या हाय?"

"मामा, ते मुद्दाम करतात," फारूक म्हणाला. "नवरी उठून दिसावी म्हणून. पुण्यात याचे जादा पैसे घेतात."

"म्हंजी मामाला पुसायचं, अन् वर पैसं बी घ्यायचं? दाजी, ऐकताय न्हवं? भाचीच्या मागं मामा काय सावली पाडायला हुबा ऱ्हातो व्हय? लग्नात असा फोटो निघाला तर गाव म्हणंल, मामा आलाच न्हाई. रुसून बसला. मग खरंच बसतो की!"

चिमाजीनं फारूककडं पाहिलं. लग्न हातून निघून चाललेलं फारूकला स्पष्ट दिसलं. तेवढं एक बाकी धूसर नव्हतं.

"एक मिनिट," तो म्हणाला. "मामा, आहे तिथंच उभे राहा."

त्यानं भिंगाचं दुसरं कडं पार कडेपर्यंत फिरवलं. आतल्या पाकळ्या मिटत आल्या, भोक हरभऱ्याच्या दाण्याएवढं उरलं; ते बारीक झालं की मागचंही रेखीव येतं. ऊन चांगलं होतं, उजेड कमी पडणार नव्हता. त्यानं बटण दाबलं, मामाला जवळ बोलावलं आणि फोटो मोठा करून दाखवला.

मामाचा चेहरा उजळला. फेट्याची वीण दिसत होती. कपाळावरचं गंध दिसत होतं. मिशीचा प्रत्येक केस आपापल्या जागी उभा होता.

"शेव हाय मिशीत," त्याची बायको फुलाबाई खांद्यावरून डोकावत म्हणाली.

"असू दे. माजीच मिशी हाय. दाजी, ह्याला म्हणायचं भिंग! मगाचचं टाकून द्या, फारूकभाई."

दोन्ही भिंगं एकच आहेत, हे फारूकनं सांगितलं नाही. धंद्यात काही गोष्टी मनात ठेवायच्या असतात.

"मामा खूश तर आमी खूश," चिमाजी म्हणाला. "लगीन तुमचंच, फारूकभाई. थांबा, चष्मा आणतो. मला बी नीट बघू द्या." तो घरात गेला.

"आणिक मोठं करा," मामा म्हणाला.

फारूकनं केलं. मामाचा कान आला. कानावरचा केस आला. खांद्याच्या पलीकडं अंगणाची कड, बांध, बांधापल्याडचं चिमाजीचं हरभऱ्याचं रान आलं. त्या रानाच्या मधोमध, तुटलेलं दावं गळ्यात घेऊन, तोंड भरलेली मामाची म्हैस आली. तिच्याही मिशा मोजता येत होत्या.

पडद्यावर ऊन नको म्हणून सगळे रानाकडं पाठ करून उभे होते. मागं वळून बघायचं आतापर्यंत कुणाला सुचलं नव्हतं. मामानं वळून पाहिलं, मग फुलाबाईकडं पाहिलं. ती काठी घेऊन बांधाकडं पळाली.

उंबऱ्यात चिमाजी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होता. "हां, आणा बघू."

मामा फारूकच्या कानाशी वाकला.

"भाई, थोडी मलई म्हशीवर सोडता का?"