पेंढ्याची गाठ

देवगडहून आलेली पेटी उघडून शमिकानं वरच्या आंब्यावर फोन धरला. हल्ली प्रत्येक फळ आपला सगळा प्रवास सांगायचं. बाग, झाड, हाताळणारे हात. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘पेटी भरणारा: रघुनाथ कोयंडे. हा आंबा हातात धरला: सहा मिनिटं.’

“बाबा, एक आंबा ठेवायला सहा मिनिटं? कोण हा रघुनाथ?”

‘व्यापारी’ हा तीस वर्षांच्या सवयीचा शब्द मोरेश्वररावांच्या ओठांवर आला, पण आज त्यांनी तो उच्चारला नाही. पूर्वी पेटी मुकी होती आणि शहाणीही. वरच्या एका आंब्याच्या देठाला पेंढ्याची गाठ बांधलेली असायची, बस्स. ती खूण रघुनाथ आणि त्यांच्यातच राहायची.

“माझा माणूस,” ते म्हणाले. “लग्नाच्या आधीपासूनचा.”

शमिकानं फोन खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “आईला ठाऊक होतं?”

“मी कधी सांगितलं नाही.” त्यांनी आंबा नाकाशी नेला. “पण दरवर्षी पेटी तीच उघडायची. बाकीचे सगळे आंबे पिकायला अढीत घालायची, आणि तो एक तेवढा माझ्या उशाशी आणून ठेवायची. गाठ न सोडता.”