हॉर्न दिला होता

मुरलीकृष्णने हॉर्नला हात लावला नाही. पुढे सायकलवर एक म्हातारा केळीच्या पानांचा भारा घेऊन चालला होता. भारा दोन्ही बाजूंनी हातहातभर बाहेर आलेला, आणि समोरून भाताच्या लॉऱ्या एकामागून एक येत होत्या. तंजावूरहून पापनाशमला निघालेली ती खाजगी बस म्हाताऱ्याच्या मागे बैलगाडीच्या चालीने सरकत राहिली.

गाडीत चुळबुळ सुरू झाली. कॉलेजच्या पोरी घड्याळे बघू लागल्या. ड्रायव्हर झोपला काय, असे मागून कोणी तरी तमिळमध्ये विचारले आणि चारजण हसले. मागची बस पुढे निघून गेली तर पुढच्या थांब्यावरची माणसे हातची जाणार, हे कंडक्टर कल्याणरामला दिसत होते. त्याने दोनदा शिटी फुंकली, पण तोंडाने काही बोलायचा धीर त्यालाही होत नव्हता. मुलगी गेल्यानंतर मुरलीकृष्ण आज पहिल्यांदाच स्टिअरिंगवर बसला होता.

त्याच्या पाठीमागच्याच सीटवर त्याची बायको सरस्वती बसली होती. पापनाशमला बहिणीकडे जाऊन येते, असे सांगून ती सकाळी गाडीत चढली. बहीण या आठवड्यात मदुरैला गेलेली आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. त्याने विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

त्यांची विनुता याच रस्त्यावर गेली. सायकलवरून शाळेला निघाली होती. दुसऱ्या एका बसने ओव्हरटेक करताना तिला मागून उडवले. त्या ड्रायव्हरचे म्हणणे एवढेच, की मी हॉर्न दिला होता, पोरगी बाजूला झाली नाही, उलट मागे वळून हसली. झाले. हॉर्न दिला होता म्हटल्यावर सगळ्यांचे समाधान झाले. या भागात बस हॉर्न देते आणि सायकलवाला मातीत उतरतो. डांबरावर त्याच्यासाठीही जागा सोडायची असते, हे कोणाच्या गावीही नाही.

ती का हसली, ते मुरलीकृष्णला ठाऊक होते. शाळेच्या वेळेला रोज त्याची बस तिच्या मागून यायची आणि तो हॉर्नची लांबलचक धून वाजवायचा. मागे बाप आहे म्हटल्यावर ती कशाला खाली उतरते? ती मान वळवून हसायची, हात करायची, आणि तो समोरचा रस्ता मोकळा होईपर्यंत थांबून पार पलीकडून गाडी काढायचा. लाडच होते ते बापलेकीचे. फक्त तीच धून हॉर्न बसवणाऱ्या त्याच शेडमध्ये आणखी किती बसना बसवलेली आहे, याचा विचार त्या शहाण्याने कधी केला नव्हता.

हे तो कोणाजवळ बोलला नव्हता, सरस्वतीजवळही नाही. आणि ती मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, की आमची पोरच वेंधळी, रस्त्यात तिचं लक्ष म्हणून नसायचं. ऐकताना त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. मेलेल्या पोरीवर आळ येत होता आणि बाप भिंतीला टेकून मुकाट ऐकत होता. आज हिला सांगायचेच, असे तो रोज सकाळी ठरवायचा.

शेवटी कल्याणरामचा धीर सुटला. तो ड्रायव्हरशेजारच्या बोनेटवरून वाकला आणि त्याने स्वतःच हॉर्नचे बटण दाबले.

धून वाजली. म्हाताऱ्याने मागे बघितलेसुद्धा नाही. सवयीने तो खाली उतरला आणि सायकल ओढत कडेच्या चिखलात जाऊन उभा राहिला. रस्ता मोकळा झाला. मुरलीकृष्णने मात्र ब्रेक दाबला आणि बस होती तिथेच थांबली. पाठीमागे सरस्वतीने तोंडात पदर कोंबला होता, तरी हुंदका बाहेर आलाच.

तो मागे वळला नाही. समोर बघतच बोलला, तंजावुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घरच्या मराठीत. बस माणसांनी भरलेली होती, पण ती मराठी कळणारी तिथे दोघेच होती.

“विनुता वेंधळी नव्हती गो. हॉर्न ऐकून तिला वाटलं, मीच आलों. म्हणून उतरली नाही.”

सरस्वतीने तोंडातला पदर काढला.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “रोज घरी येऊन सांगायची की हो, आज अप्पानं कुठं गाठलं ते.”

“मग लोकांना तसं कां सांगितलीस?”

“पोर तर गेली. तिला कोणी काही म्हटलं तर आता तिला काय लागणार? तुम्हाला लागलं असतं.”

मुरलीकृष्णने स्टिअरिंगवर डोके टेकले आणि तो सगळ्यांदेखत रडला. कल्याणरामला शब्द कळले नाहीत, पण त्याने परत शिटी फुंकली नाही. मागचे हसणेही थांबले. मागून आलेली दुसरी बस हॉर्न देत धूळ उडवत निघून गेली, तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

मग त्याने तोंड पुसले, खिडकीतून बाहेर वाकला आणि म्हाताऱ्याला तमिळमध्ये म्हणाला, की आजोबा, तुम्ही आधी निघा, मी मागून सावकाश येतो.

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. उभ्या आयुष्यात कुठल्याही बसने त्याला आधी जा म्हटले नव्हते. यात काही तरी चूक आपलीच असणार, असे वाटून त्याने घाईघाईने सायकल आणखी खाली, चिखलात ओढली आणि बसला पुढे जायची खूण करत तिथेच उभा राहिला.