कोशात गेलेलं नाव

स्मृतिघरात मेलेल्या माणसांचे आवाज जपून ठेवलेले असत; नाव उच्चारलं की तो माणूस बोलू लागे. हौसाबाई दर वर्षश्राद्धाला धन्याचा आवाज कानभर ऐकायला यायच्या. नाव थोरला लेक घ्यायचा. यंदा लेक आलाच नाही. बापाचं नाव त्यानं स्वतःच्या कागदपत्रांतून काढून टाकलं होतं.

“आजी, तुम्हीच घ्या की. आता कसली लाज?” स्मृतिघराच्या खिडकीत बसणारी नसीम हसली.

उभ्या जन्मात हौसाबाईंनी ते नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. त्यांनी पदर सावरला.

“पितळी तांब्यात कृष्णेचं पाणी, मानाजीरावांचा शब्द म्हणजे देवाची वाणी.”

यंत्र अदबीनं म्हणालं, “‘मानाजी’ हे आता माणसाचं नाव नाही. कालपासून तो इंग्रजीतला रोजचा शब्द आहे. अर्थ: हात जोडून वचन देणं आणि मग बुडवणं.”

जगातली सगळी यंत्रं इंग्रजीच्या एकाच शब्दकोशावर चालत. मुख्यमंत्री असताना मानाजीरावांनी सात गावांना अभय दिलं होतं, आणि शहर वाचवायला त्याच गावांवर धरणाची दारं उघडली होती. पुढं वर्षभर ते भरल्या ताटावर रडत बसायचे, हे कोशात कुठून असणार!

नसीमचं हसू मावळलं. “आजी, दुसरं नाव नव्हतं का त्यांचं? घरात काय हाक मारायचात?”

हौसाबाई यंत्रापाशी वाकल्या. पन्नास वर्षांची माया आवाजात उतरली.

“अहो,” त्या म्हणाल्या.

यंत्र पुढचं नाव ऐकायला थांबून राहिलं.