चार रिकामे निरोप

घड्याळजींची ही गोष्ट लिहिणारच नव्हतो, पण ते चार रिकामे निरोप काही पाठ सोडेनात.

आठ वाजून गेले. फोन वाजला नाही. सलग चौथा दिवस.

घड्याळजींनी भिंतीवर पाहिलं. त्यांच्या घरचं घड्याळ कसलं चुकतंय! रोज आठच्या ठोक्याला शिंपी एक रिंग देऊन ठेवून द्यायचा. म्हणजे, ‘आहे मी.’ मग हे उलट एक रिंग द्यायचे. ‘मीपण.’ बोलायचा प्रश्नच नव्हता. घशाच्या ऑपरेशनमध्ये शिंप्याचा आवाज गेला, आणि तो लांब मुलाकडे राहायला गेला. त्याआधी चाळीस वर्षं दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून.

आपणच फोन करावा? हात पुढे जायचा, मागे यायचा. शिंप्याच्या सूनबाईने उचलला आणि नको ते सांगितलं तर?

दार वाजलं. चार दिवसांपूर्वी नवा फोन जोडून गेलेली मुलगी तपासणीला आली होती. घड्याळजींच्या मुलाने हट्टाने घरचा फोन आपल्या ऑफिसच्या इंटरनेट फोनला जोडून घेतला होता. “बाबा, मी नुसते तीन आकडे दाबले की तुम्ही लाइनवर!” ते तीन आकडे त्याने अजून दाबले नव्हते.

मुलीने लॅपटॉप उघडला आणि जीभ चावली. “काका, माझाच घोळ. तुमच्याकडे रिंग जायच्या आधीच निरोप टिपणारं मशीन फोन उचलतंय.”

“म्हणजे कुणी केला होता?”

“रोज आठला, एकाच नंबरवरून. चार निरोप आहेत, पण चारही रिकामे. पुसून टाकू?”

“हात लावू नकोस! ऐकव.”

पहिल्यात नुसता श्वास. दुसऱ्यात कट-कट. तिसऱ्यात जरा जोरात. चौथ्यात कट-कट, कट-कट, थांबेचना.

“लाइन खराब दिसतेय.”

“लाइन कुठली, कात्री आहे ती!”

घड्याळजींनी फोन जवळ ओढला. दुकानात असताना रोज दुपारी चारला भिंतीपलीकडून हीच कात्री दोनदा वाजायची. म्हणजे, ‘चहाला येतोस का?’ हे मान वर न करता ओरडायचे, “आलो रे!” आणि अर्ध्या तासाने जायचे. घड्याळजी असून.

त्यांनी नंबर फिरवला. पलीकडे फोन उचलला गेला. मग, कट-कट.

“आलो रे, शिंप्या! उद्याची पहिली गाडी. आणि या खेपेला वेळेवर.”