शेजारची सीट

“चला ताई, रस्ता मोकळा आहे,” मास्तर म्हणाले आणि बाईंनी करकचून ब्रेक दाबला.

गाडी गचका खाऊन बंद पडली. मास्तरांचं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं. “अहो, सतरा वेळा सांगितलंय, घाबरून ब्रेक मारायचा नाही!” ते ओरडले. तेवढ्यात त्यांच्याच दारापासून हातभर अंतरावरून एक सायकल निघून गेली. पाठीला दप्तर लावलेली मुलगी होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“ही कुठून उगवली?”

“गल्लीतून. तुमच्याच बाजूनं येत होती, मास्तर. मी केव्हाची बघतेय तिला.”

मास्तरांनी आपल्या पायाकडे पाहिलं. एकतीस वर्षं ते लोकांना गाडी शिकवत होते. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता आणि तो पाय नेमका वेळेवर कसा पडतो, हे त्यांचे विद्यार्थी कौतुकानं सांगत. आज तो पाय हललाच नव्हता.

बाईंनी गाडी पुन्हा सुरू केली, कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. महिनाभराच्या शिकवणीत पहिल्यांदाच त्यांनी एवढं सगळं न सांगता बरोबर केलं. मग त्या उतरून, वळसा घालून मास्तरांच्या खिडकीपाशी आल्या.

“मान वळवायची नाही. समोरच्या झाडाकडे बघा. माझी बोटं किती?”

“कुठायत बोटं?”

बाईंचा हात त्यांच्या कानापासून वीतभर पुढे होता. मास्तरांनी मान वळवली तेव्हा त्यांना तो दिसला. चार बोटं होती.

“लांबच्या पाट्या मी अजून चष्म्याशिवाय वाचतो,” मास्तर घाईघाईनं म्हणाले.

“आमचे हेसुद्धा वाचायचे. डोळे शेवटचे कधी तपासलेत?”

“काही होत असेल तर तपासायचे ना! मला काय धाड भरलीये?”

बाई वळसा घालून आपल्या दारापाशी गेल्या. आत हात घालून त्यांनी किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. “उद्या सकाळी दहाला डोळ्यांच्या दवाखान्यात या. किल्ली तिथं देते.”

“अहो, गाडी माझी आहे!”

“हो ना. म्हणून तर.”

मास्तरांना किल्ली हिसकावून घेता आली असती. पण ती दप्तरवाली मुलगी डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांनी पुढच्या दोन तासांच्या विद्यार्थ्यांना फोन करून येऊ नका असं सांगितलं आणि ते चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते दहाला पाच मिनिटं कमी असतानाच हजर झाले. इस्त्रीचा शर्ट घालून, परीक्षेला आल्यासारखे. एका अंधाऱ्या खोलीत त्यांना यंत्रासमोर बसवलं, एक डोळा झाकला आणि हातात बटण दिलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मास्तर मन लावून दाबत होते. मधे मधे बराच वेळ एकही ठिपका आला नाही. यंत्र बिघडलं असावं, असं त्यांना वाटलं.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ठेवला. एका डोळ्याच्या चित्रात कडेला काळपट डाग पसरला होता.

“काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि कडेची नजर हळूहळू मरते. जी गेली ती येणार नाही. उरलेली मात्र राखता येईल. रोज थेंब घालायचे आणि चार महिन्यांनी दाखवायला यायचं. तूर्तास गाडीत शिकवणं बंद.”

“पण मला काही त्रास नव्हता हो.”

“नसतोच. म्हणून तर या वयात दरवर्षी तपासायचं, त्रास नसला तरी. दोन वर्षं आधी आला असतात तर कदाचित हा डाग दिसलाही नसता.” त्यांनी थेंबांचं नाव लिहून दिलं. “आणि आणखी दोन वर्षांनी आला असतात तर मला फार काही करता आलं नसतं.”

मास्तर बाहेर येऊन बाकावर बसले. बाई थेंब आणायला औषधांच्या दुकानात गेल्या होत्या. बाकावर एक उंच गृहस्थ आधीच बसले होते.

“मास्तर ना?” त्यांनी विचारलं आणि हात पुढे केला. हात जरा भलतीकडेच गेला. मास्तरांनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. “बायको म्हणते, तुम्ही फार ओरडता.”

“ओरडतो खरा.” मास्तरांनी हात सोडला नाही. “तुमचं... तुमचंही हेच झालं?”

“हेच. तिनं दोनदा इथली वेळ घेतली होती. दोन्ही वेळा मला काम निघालं. काम कसलं, कंटाळा!”

मग मास्तर म्हणाले, “आता तुम्हाला कुठं न्यायचं-आणायचं तर गाडी यायला हवी. म्हणूनच ताई या वयात शिकतायत, नाही का?”

“छे हो. मला न्यायला जावई आहे, रिक्षा आहेत. मीही तिला तेच म्हणालो, कशाला ही उठाठेव?” गृहस्थांनी मान खाली घातली. “तर म्हणाली, तीस वर्षं तुमच्या शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले, आता तरी रस्त्याकडे बघायला शिकते. तेव्हाच बघत बसले असते, तर तुम्हाला दिसत नाही हे तुमच्या आधी मला कळलं असतं.”